वर्गात ससे पाळावेत का? (दुसरीचा वर्ग, एक स्वमग्न मूल)

चाफेकळी · रविवार, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. मी पलूस तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दुसरीचा वर्ग, पंचवीसेक पोरं. त्यातला एक मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. प्रमाणपत्र वगैरे झालंय, विशेष शिक्षिका ठरलेल्या दिवशी येऊन जातात, घरचेही समजूतदार. अभ्यासाचं म्हणाल तर वीसपर्यंत पाढे तोंडपाठ, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. अडतं ते बाकीच्या मुलांशी. कुणी काही विचारलं की तेच वाक्य जसंच्या तसं परत म्हणतो. मधल्या सुट्टीत कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून उभा. पोरांनी आता त्याला बोलवायचंच सोडलंय. त्यांना तरी काय बोलणार? दोनदा हाक मारून उत्तर आलं नाही तर सात वर्षांचं पोर तिसऱ्यांदा कशाला मारेल?

तर मुद्दा असा. गावातल्या एका काकांनी पांढऱ्या सशांची जोडी शाळेला देऊ केलीय, पिंजऱ्यासकट. वर्गात प्राणी असला की अशी मुलं इतरांशी जास्त मिसळतात असं मी वाचलंय. मुख्याध्यापक म्हणाले, "बघा बाई, तुमच्या जबाबदारीवर." व्यवस्थापन समितीतल्या दोन पालकांनी वासाच्या नावाने आधीच नाक मुरडलंय. कुणाला अनुभव आहे का? खरंच काही फरक पडतो, की नुसतं फोटोपुरतं? उलटसुलट, काहीही लिहा.

भडंगप्रेमी · रविवार, रात्री ९:२१

दुसरीच्या वर्गात पंचवीस प्राणी आधीच आहेत, अजून दोन कशाला? (पळतो)

निवांत_गडी · रविवार, रात्री ९:२६

जोडी घेताय ना? मग दिवाळीपर्यंत दोनाचे किती झाले हे गणित तिसरीच्या पोरांना घाला. शैक्षणिक साहित्य फुकटात.

वाईची_आई · रविवार, रात्री १०:०२

वरच्या दोघांकडे दुर्लक्ष करा बाई, ते प्रत्येक धाग्यावर असेच असतात.

माझा मुलगा स्वमग्न आहे, आता हायस्कूलला गेलाय. आमच्याकडे वर्गात प्राणी नव्हता, घरी होती. गल्लीतलीच एक गावठी कुत्री, पावसात जिन्याखाली येऊन बसली ती राहिलीच. नाव चिंगी. मुलगा तेव्हा पहिली-दुसरीत. वाड्यातली पोरं त्याच्याशी खेळायला कधी आली नव्हती, ती चिंगीशी खेळायला येऊ लागली. आणि चिंगी त्याची. म्हणजे पोरांना त्याला विचारावं लागायचं, "हात लावू का? चावेल का?" आजवर सगळे त्याला काहीतरी कर म्हणून सांगायचे. परवानगी मागायला त्याच्याकडे पहिल्यांदाच कुणी आलं होतं.

एक प्रसंग सांगते. शेजारची मुलगी चिंगीच्या डोक्यावर थापट्या मारत होती. चिंगी मान मागे घेत होती. मी उठणार एवढ्यात यानं त्या मुलीचं मनगट धरलं, हात डोक्यावरून उचलला आणि कानामागे नेऊन ठेवला. म्हणाला, "इथं." बास, एवढंच. दुसऱ्या मुलाला त्यानं आपणहून हात लावायची ती पहिली वेळ. त्याआधी कुणाचा धक्का लागला तरी तो कानावर हात घेऊन खाली बसायचा.

पण खोटं कशाला सांगू, चिंगी समोर नसली की पुन्हा तेच. शाळेत काही फरक नाही. बाई तक्रार करायच्या ते करायच्याच. वाड्यातल्या मुलांशी मात्र हळूहळू तिच्याशिवायही जमायला लागलं, त्याला दोन-तीन वर्षं लागली. त्यात स्पीच थेरपी किती, वय किती आणि चिंगी किती हे मला वेगळं काढता येणार नाही.

शंकासुर · रविवार, रात्री १०:३०

वाईच्या ताईंनी शेवटचा परिच्छेद लिहिला म्हणून बरं झालं, नाहीतर मीच तो लिहिणार होतो. :)

एका घरचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. या क्षेत्रात पालकांच्या हतबलतेवर दुकानं चालतात. परदेशात डॉल्फिनबरोबर पोहायला लावून मुलं "सुधारून" देणारे होते. नशिबाने आपल्याकडे २०१३ मध्ये केंद्रानेच डॉल्फिनेरियमला (डॉल्फिन ठेवून खेळ दाखवायची जागा) परवानगी द्यायची नाही असं ठरवलं. मग घोडे आले, कुत्री आली. ससे स्वस्त म्हणून आपल्या वाट्याला ससे.

आणि अजून एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. विशेष शिक्षक, थेरपी, शाळेने करून द्यायच्या सोयी हा त्या मुलाचा हक्क आहे. उद्या "ससे दिलेत की" म्हणून विशेष शिक्षिकेची फेरी कमी झाली तर?

ब्रिस्बेनस्थ_सांगलीकर · सोमवार, सकाळी ६:४८

मूळचा विश्रामबागचा, सध्या मुक्काम ब्रिस्बेन. बाईंनी वाचलंय ते बहुधा इथलंच काम. क्वीन्सलंड विद्यापीठातल्या मार्गरिट ओ'हेअर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १५ वर्गांतली ९९ मुलं, वय ५ ते १३, त्यातली ३३ स्वमग्न. तिघातिघांचे गट केले, एक स्वमग्न आणि त्याच्याच वर्गातली दोन इतर मुलं. दहा मिनिटं खेळण्यांशी, दहा मिनिटं दोन गिनीपिगांशी (सशाहून लहान, उंदराच्या कुळातले पाळीव प्राणी), आणि सगळं व्हिडिओवर. गिनीपिग असताना स्वमग्न मुलं जास्त बोलली, समोरच्याच्या चेहऱ्याकडे जास्त वेळा बघितलं, जास्त हसली. रडणं, कुरकुर आणि कपाळावरच्या आठ्या कमी.

२०१५ मध्ये त्यांनीच मुलांच्या मनगटाला पट्टी बांधून त्वचेची विद्युतवाहकता मोजली. माणूस ताणात आला किंवा उत्तेजित झाला की ती वाढते. वाचन करताना, आणि गंमत म्हणजे मोकळं खेळतानासुद्धा, स्वमग्न मुलांमध्ये ती इतरांपेक्षा जास्त होती. म्हणजे आपण ज्याला "जरा खेळू द्या त्याला" म्हणतो, ते खेळणंही त्या मुलाला परीक्षेसारखं जात असतं. प्राणी आल्यावर ती उतरली. इतर मुलांची उलट वाढली, बहुधा आनंदाने.

शंकासुरांचा मूळ स्वभाव माहीत असल्यामुळे आधीच सांगतो, यातून कुणी "बरं" झालं असं त्या लोकांनीही म्हटलेलं नाही.

शंकासुर · सोमवार, सकाळी ९:०५

धन्यवाद, व्यवस्थित माहिती. आता माझं काम करतो.

एक तर व्हिडिओ बघून मुलांच्या वागण्याची नोंद करणाऱ्याला पडद्यावर गिनीपिग दिसतो, त्यामुळे त्याच्यापासून काही लपवणं शक्यच नाही. दुसरं, तुलना खेळण्यांशी आहे. त्या जागी कुणी जादूगार आणून बसवला असता तर? नवीन, हलणारं, मजेशीर काहीही असलं की पोरं बोलतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्राणी समोर असताना दहा मिनिटं बोलणं वेगळं आणि ते कौशल्य अंगात मुरणं वेगळं. चिंगी नसताना "पुन्हा तेच" हे वाईच्या ताईंनी लिहिलंच आहे.

निवांत_गडी · सोमवार, सकाळी ९:११

जादूगार तरी परवडेल का जिल्हा परिषदेला?

मिरजेचा_तंबोरा · सोमवार, दुपारी १:४०

एरवी फक्त वाचतो. आज लिहितो.

मी स्वतः स्वमग्न आहे. तिशीतला, निदान कॉलेज संपल्यावर झालं, तोवर "घुम्या" एवढंच निदान होतं. लहानपणी पाहुणे आले की मी गोठ्यात जाऊन बसायचो. म्हैस "कितवीला रे तू, कितवा नंबर आला" विचारत नाही. तिला काय हवंय ते स्पष्ट असतं: पेंड, पाणी किंवा मानेखाली खाजवणं. माणसांचं तसं नसतं. "काय मग, विसरलास का आम्हाला?" या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं असतं ते मला आजही माहीत नाही.

तुम्ही लोक मोजताय ते "चेहऱ्याकडे बघितलं" वगैरे. माझ्या बाबतीत सांगतो, मी डोळ्यांत बघायला लागलो की समोरचा काय म्हणतोय ते ऐकू येणं कमी होतं. त्यामुळे तेवढ्यावरून माझं भलं झालं असं समजू नका. वाईच्या ताईंच्या प्रतिसादातला मनगटाचा भाग मला पटला, कारण तिथे त्याला काहीतरी येत होतं जे त्या मुलीला येत नव्हतं. आम्हाला बहुतेक वेळा शिकवलंच जातं. आम्ही कुणाला काही दाखवावं अशी वेळ येत नाही.

बाई, तुमच्या विद्यार्थ्याला ससा आवडतो का? पूर्ण धाग्यात हे आलेलं नाही.

भडंगप्रेमी · सोमवार, दुपारी १:५५

"विसरलास का आम्हाला" याचं उत्तर कुणालाच माहीत नसतं दादा. आम्ही सगळे नुसतं हसतो.

मिरजेचा_तंबोरा · सोमवार, दुपारी २:०३

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

डॉ_खुरमुंडी · सोमवार, रात्री ८:२०

पशुवैद्यक आहे, सशाच्या बाजूने बोलायला कुणीतरी हवं म्हणून लिहितो.

ससा हा कुशीत घ्यायचा प्राणी आहे ही समजूत खेळण्यांच्या दुकानांनी करून दिलीय. सशाला उचललेलं आवडत नाही. जमिनीवरून पाय सुटले की त्याला वाटतं कुणी शिकाऱ्यानं धरलं. मग तो मागचे पाय जोरात झाडतो, आणि पकड चुकीची असेल तर त्या झटक्यात त्याचाच कणा मोडू शकतो. पंचवीस पोरांच्या हातात दिवसभर फिरणारा ससा "शांत" दिसतो तेव्हा पुष्कळदा तो भीतीने थिजलेला असतो.

उन्हाळा दुसरी गोष्ट. सांगलीचा एप्रिल माणसाला सोसत नाही, सशाला घाम येत नाही. पत्र्याच्या वर्गात तो उष्माघाताने जाईल. जोडीचं म्हणाल तर निवांत_गडींचा विनोद खरा आहे: नर-मादी असतील तर महिन्याभरात पिल्लं, आणि व्यायल्यानंतर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते.

गिनीपिग त्या मानाने बरे. ते एकटे ठेवायचे नाहीत, सशासोबत एका पिंजऱ्यात तर अजिबात नाही. त्यांच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोजच्या खाण्यातून द्यावं लागतं, पेरू, ढोबळी मिरची वगैरे. उन्हाचं भय त्यांनाही तेवढंच.

कुणी पोपट आणून देईल, घेऊ नका. आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. चांदणी कासवाचंही तेच. आणि सगळ्यात सोपा प्रश्न, जो कुणीच विचारत नाही: मे महिन्यात कोण बघणार?

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी · सोमवार, रात्री ९:१०

डॉक्टरांच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते चांगलं नाही.

मी आधी ज्या शाळेवर होते तिथे ससे होते. हौसेने पिंजरा केला, पोरांनी चिठ्ठ्या टाकून नावं ठेवली. आमच्याकडे एक स्वमग्न मुलगी होती, ती रोज प्रार्थनेआधी पिंजऱ्याशी जाऊन लसूणघास घालायची. तिच्याबरोबर दोघी-तिघी जायला लागल्या होत्या. तोवर सगळं छान. दिवाळीच्या सुट्टीत रात्री कुत्र्यांनी जाळी उचकटली. शिपाईमामांनी सकाळी सगळं साफ केलं आणि सुट्टीनंतर पोरांना सांगण्यात आलं की ससे रानात गेले.

बाकीची मुलं आठवड्यात विसरली. ती नाही. ती रोज त्याच वेळी रिकाम्या पिंजऱ्याशी जायची आणि विचारायची, "ससा कधी येणार?" कुणी "येईल हं" म्हटलं की तिथंच थांबायची, कारण येईल म्हटलंय. कितीतरी महिने हे चाललं. शेवटी तिच्या आईने तिला सरळ सांगितलं, ससा मेला, कुत्र्याने मारला, तो येणार नाही. ती म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवसापासून गेली नाही.

प्राणी आणायचा तर तो मरेल हे धरून आणा. आणि मेला तर अशा मुलाला गोड गोड काही सांगू नका.

वाईची_आई · सोमवार, रात्री ९:२५

वाचून कसंतरी झालं. पण त्या आईचं शंभर टक्के बरोबर. आमची चिंगी गेली तेव्हा आम्हीही "देवाघरी" म्हटलं नाही, नाहीतर यानं मला घाटावर गणपतीच्या देवळात जाऊन शोधायला लावलं असतं.

ओटी_सातारा · मंगळवार, दुपारी ३:३०

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. चर्चा छान चाललीय, थोडं कामाचं.

तंबोरादादांचा प्रश्न पहिला. प्रत्येक स्वमग्न मुलाला प्राणी आवडतो ही एक दंतकथा आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत कुत्र्याच्या भुंकण्याने हादरून रस्ता सोडून पळणारी मुलं आहेत. केसाळ काही हाताला लागलं की उलटी येणारी आहेत. दिसेल ते तोंडात घालणारी आहेत, त्यांच्यासमोर लेंड्या असणं म्हणजे संकटच. आधी आईवडिलांना विचारा, मुलाला चित्र दाखवा, मग लांबून प्राणी दाखवा. जवळ जायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. "हात लाव, काही करत नाही" हे वाक्य वर्गात बंद.

दुसरं, शंकासुरांनी विचारलेलं "मुरणं". प्राणी नुसता ठेवून काही मुरत नाही. तो असताना मोठं माणूस काय करतं त्यावर आहे. त्या मुलाला एक ठरलेलं काम द्या जे त्याच्याशिवाय पुढे सरकणार नाही. समजा चारा त्याच्या हातात आहे आणि दुसऱ्या मुलाला तो त्याच्याकडून मागून घ्यायचाय. मागणाऱ्यालाही शिकवा: छोटं वाक्य, मग थांबायचं, मनात पाचपर्यंत मोजायचं, उत्तर यायला वेळ लागतो. आपली इतर मुलं थांबत नाहीत, तिथे निम्मं घोडं अडतं. प्राण्याचा मोठा फायदा मला हाच दिसतो की थांबण्याची वेळ अवघड जात नाही, कारण दोघंही प्राण्याकडे बघत असतात. गटात तिघंच. पंचवीस नाही. सगळा वर्ग एकदम पिंजऱ्याभोवती आला तर तुमचा मुलगा भिंतीलाच जाऊन टेकणार.

सुरुवातीला बोरिस लेव्हिन्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये हे लिहिलं होतं. त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा असला की न बोलणारी मुलं आधी कुत्र्याशी आणि मग त्यांच्याशी बोलायला लागायची. पण तिथेही कुत्र्याच्या शेजारी लेव्हिन्सन बसलेले होते, हे लक्षात ठेवा.

शंकासुर · मंगळवार, दुपारी ४:०२

शेवटचं वाक्य मी जपून ठेवतोय. बाकी, पाचपर्यंत मोजण्यासाठी ससा लागत नाही. ते उद्यापासून फुकटात सुरू करता येईल.

ओटी_सातारा · मंगळवार, दुपारी ४:१०

नाहीच लागत. पण सात वर्षांच्या पोरांना "थांबा" म्हणून थांबवून दाखवा एकदा, मग बोलू. :)

माडग्याळी · मंगळवार, रात्री ८:४७

बाई, म्या जत तालुक्यातला, मेंढरातला मानूस. शिक्षन बारावी. तुमी लोकं गिनीपिग काय म्हंताय, ससं काय म्हंताय, पलूस तालुक्यात शेरडं संपली का काय?

आमच्या वाड्यावर माझ्या चुलतभावाचं पोरगं हाय, बोलत न्हाई, मान हालवत बसतंय. डाक्तरनं त्येच नाव सांगितलंय. पन सांच्याला मेंढरं आली का कोन मागं ऱ्हायलं ते त्येला पयलं कळतंय. माडग्याळ मेंढरं समदी सारकीच दिसत्यात तुमाला, पांढरी अन् तपकिरी ठिपकं, नाक बाकदार. ह्यो येकेक वळकतोय. कोकरू आपल्या आयला सापडंना का बाकीची पोरं ह्येलाच बोलिवत्यात, "बग रं ह्ये कुनाचं." ह्यो कोकरू उचलून बराब्बर आयफुडं नेऊन सोडतोय. त्येला कुनी येडा म्हनत न्हाई आमच्यात. म्हनला तर कोकरू कोन लावनार?

पिंजरा नगं, मे म्हैना नगं. शेजारची शेळी आना अन् सांच्याला परत धाडा.

भडंगप्रेमी · मंगळवार, रात्री ८:५३

भाऊ, धागा जिंकलात. आम्ही उगाच ब्रिस्बेनला जाऊन आलो.

ब्रिस्बेनस्थ_सांगलीकर · मंगळवार, रात्री ९:१५

मी तर अजून तिथेच आहे. पण माडग्याळींना दंडवत.

निवांत_गडी · मंगळवार, रात्री ९:२०

नशीब बाई पलूसच्या आहेत. नागांच्या बत्तीस शिराळ्याच्या असत्या तर गावकऱ्यांनी शाळेला काय देऊ केलं असतं विचार करा.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी · मंगळवार, रात्री ९:३१

अवांतर: बेंदराला आमच्या त्या आधीच्या शाळेत मातीचे बैल करायचे, एका वर्षी त्या दिवशी एका पालकांनी खरी खिलार जोडी आणली होती. शिंगांना बेगड, अंगावर झूल. सगळी पोरं ओरडत पुढे, आणि आमची ती मुलगी झुलीच्या आरशांत स्वतःला बघत शांत उभी. बैलही शांत. फोटो आहे माझ्याकडे, पण मुलीचा म्हणून टाकत नाही.

डॉ_खुरमुंडी · मंगळवार, रात्री १०:०५

माडग्याळींशी सहमत. शेळी पोरांना सरावलेली असते, तिला बोलावता येतं आणि कंटाळा आला तर ती स्वतः निघून जाते. पिंजऱ्यातल्या प्राण्याला हे शेवटचं स्वातंत्र्य नसतं, आणि पोरांना ते शिकवायलाही शेळीच बरी: तिला नको असेल तर ती जाणार.

मात्र एवढं करा. पीपीआरची (शेळ्यामेंढ्यांचा साथीचा रोग) लस झालेली, जंतांचं औषध दिलेली, ओठांवर-तोंडाभोवती खपल्या नसलेली शेळी निवडा. खपल्या म्हणजे मावा नावाचा रोग असू शकतो, तो माणसाच्या हातालाही लागतो. हात साबणाने धुतल्याशिवाय खिचडीला कुणी बसायचं नाही. कच्चं दूध कुणी प्यायचं नाही. शिंगवाला बोकड नको. करडू आणलं तर त्याच्या आईसकट आणा, नाहीतर दोघं दोन्हीकडून बोंबलून गाव गोळा करतील.

आणि कुणी कुत्रा आणायचं सुचवलंच तर रेबीजची लस दरवर्षीची, कागदासकट. चावला किंवा नुसतं खरचटलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना. हळद-चुना लावायचा नाही.

चाफेकळी · दोन आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ६:३०

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काकांना ससे नको म्हणून सांगितलं. थोडे रुसले, पण डॉक्टरांचं कण्याचं सांगितल्यावर त्यांनाही पटलं.

आनंददायी शनिवार असतोच, त्यात बसवलं. शाळेमागच्या आजींची शेळी आणि तिची दोन करडं, आजींसकट. समितीने एका बैठकीत परवानगी दिली. वासाची तक्रार करणाऱ्या पालकांच्या घरी स्वतःच्याच चार शेळ्या आहेत हे तेव्हा कळलं.

आज दुसरा शनिवार. पहिल्या शनिवारी तो भिंतीपासून हलला नाही. ओटीताईंनी सांगितलं होतं म्हणून मी बोलावलं नाही, हे फार अवघड गेलं. आज आजींनी सुबाभळीच्या डहाळ्यांचा भारा नेमका त्याच्या पायाशी ठेवला आणि दुसरीकडे बघत बसल्या. (आजींना कुणी प्रशिक्षण दिलेलं नाही.) शेळी तिकडे गेली. त्याने एक डहाळी धरली, शेळी ओढायला लागली, हा सोडेना. एक मुलगी आली, म्हणाली, "मला दे की." मी मनात मोजत होते. पाच झाले, सात झाले. तो म्हणाला, "मला दे की." नेहमीचंच, तिचंच वाक्य. पण म्हणताना भाऱ्यातली दुसरी डहाळी काढून तिच्यापुढे धरली.

मी यातून काही निष्कर्ष काढत नाहीये, शंकासुर. नुसतं सांगतेय.

शंकासुर · शनिवार, संध्याकाळी ७:०५

नाही, नोंद चांगली आहे. एक सुचवतो. सोमवार ते शुक्रवार मधल्या सुट्टीत, शेळी नसताना, कोण कुणाशी बोललं याची दोन ओळींची नोंद ठेवा. खरं उत्तर त्या वहीत असेल, शनिवारच्या नाही.

मिरजेचा_तंबोरा · शनिवार, रात्री ८:१२

माझा प्रश्न राहिला. त्याला काय आवडतं, विचारलं का?

चाफेकळी · शनिवार, रात्री ८:२५

विचारलं. ससा, कुत्रा, शेळी, मासे, गाय, एसटी अशी चित्रं ठेवली होती. एसटीचं मी उगाच, सहावं चित्र हवं म्हणून टाकलं. त्याने एसटी उचलली आणि दिवसभर खिशात ठेवली. शेळी दुसऱ्या नंबरवर.

मिरजेचा_तंबोरा · शनिवार, रात्री ८:२८

हे खूप महत्त्वाचं आहे. शेळी चालू ठेवा, पण एसटीवर काहीतरी करा. तो तुम्हाला सगळी वेळापत्रकं सांगेल, आणि पोरांनाही गाड्या आवडतात.

भडंगप्रेमी · शनिवार, रात्री ८:३१

एसटीला पीपीआरची लस लागते का डॉक्टर?

डॉ_खुरमुंडी · शनिवार, रात्री ८:४०

लागत नाही, पण खुरं तपासून घ्या.

निवांत_गडी · शनिवार, रात्री ८:४४

विनोद बाजूला ठेवून: माझा मेहुणा एसटीत वाहक आहे. जुनी तिकिटं, पंच, पाट्या असलं काही मिळतंय का विचारतो. पोराच्या हातात पंच दिला की पंचवीस गिऱ्हाईकं रांगेत उभी राहतील, मागून घेतल्याशिवाय तिकीट नाही. बाई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

वाईची_आई · शनिवार, रात्री ९:१०

वा, निवांत_गडी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

ओटीताई, एक विचारू का? दुसरीला शेळी चालेल, तिकीट-तिकीट चालेल. माझा आता आठवीत आहे. तिथली मुलं मोबाईल, क्रिकेट आणि एकमेकांची टर उडवणं याशिवाय बोलत नाहीत. त्याला सगळ्या जातींची कुत्री पाठ आहेत, पण तो सांगायला लागला की हसतात. या वयात काय करायचं?

ओटी_सातारा · शनिवार, रात्री ९:२२

ताई, त्याला वेगळा धागा काढा. तो प्रश्न मोठा आहे आणि इथे शेळी तो खाऊन टाकेल. काढलात की मी येतेच, तंबोरादादांनाही ओढून आणा.